सिडनीहून पर्थला: विमान, रेल्वे आणि मधले बाराशे किलोमीटर

सिडनी आणि पर्थ ही एकाच देशातली दोन शहरं. रस्त्याने त्यांच्यातलं अंतर सुमारे ३,९५० किलोमीटर, म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीला जायचं आणि वर थोडं उरतंच. फरक इतकाच की श्रीनगर–कन्याकुमारी वाटेवर चहाची टपरी दिसली नाही असा तास जात नाही, आणि इथे शेवटच्या टप्प्यांत दोन पेट्रोलपंपांमध्ये १८०–१९० किलोमीटर झुडपं सोडून काही नसतं. नोकरी बदलली म्हणून सिडनी–मेलबर्नकडून पर्थला बिऱ्हाड हलवणारी मराठी कुटुंबं दरवर्षी असतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: विमानाने जायचं की गाडी घेऊन? त्याचं उत्तर अंतरावर कमी आणि सोबत काय न्यायचंय यावर जास्त अवलंबून आहे.

आधी विमान, कारण बहुतेकांसाठी तेच बरोबर आहे. सिडनीहून पर्थला पाच तास लागतात, उलट येताना चारच. वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जाताना तो नाकावर आणि येताना पाठीवर. घड्याळाचं गणित मात्र तिकीट काढण्याआधीच करून ठेवा. न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं तासभर पुढे असतात, पर्थमध्ये ही भानगडच नाही. त्यामुळे फरक हिवाळ्यात दोन तासांचा, उन्हाळ्यात तीन. जानेवारीत दुपारी दोनला सिडनीहून उडालात तर पर्थच्या घड्याळात चार वाजता उतरता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला टक्क जाग येते. परतीची स्वस्त विमानं पर्थहून मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. सिडनी विमानतळ रात्री ११ ते सकाळी ६ बंद असल्यामुळे ती सहानंतर उतरतील अशी बेतलेली असतात. त्या रात्री झोप मिळेल ती तीनेक तासांची, तेव्हा सकाळी दहाची मीटिंग लावू नका.

सामानात लोक फसतात ते वजनापेक्षा नियमाने. स्वस्त तिकिटावर हातातलं सामान एकूण ७ किलो, लॅपटॉपची बॅग धरून, आणि काउंटरवर वजन होतं तसं गेटवरही होतं. चेक-इनची एक बॅग ३२ किलोच्या वर कुणीच घेत नाही, कितीही पैसे मोजा. शिवाय पर्थला देशांतर्गत विमानाने उतरलात तरी फळं, भाज्या, मध, झाडं, बिया यांवर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याची बंदी लागू असतेच. बॅगांच्या पट्ट्याजवळ वास घेणारे कुत्रे फिरताना दिसतात. निम्म्यांना वाटतं अमली पदार्थांसाठी असतील, ते असतात डब्यातल्या सफरचंदासाठी.

रेल्वेबद्दल भारतातून आलेल्या माणसाचा गैरसमज हमखास होतो. इंडियन पॅसिफिक नावाची गाडी आहे. सिडनी सेंट्रलहून सुटते, ब्रोकन हिल, ॲडलेड, कूक, कालगुर्लीमार्गे ४,३५२ किलोमीटर तोडून तीन रात्रींनी ईस्ट पर्थला पोचते. नावातला इंडियन म्हणजे हिंदी महासागर, आपला देश नव्हे. १९७० साली फेब्रुवारीत ती पहिल्यांदा सलग धावली. त्याआधी राज्याराज्यांचे रुळ वेगवेगळ्या रुंदीचे असल्यामुळे वाटेत गाड्या बदलाव्या लागत. हे सगळं खरं, पण ही आता प्रवासाची गाडी राहिलेली नाही. बसून जायचा स्वस्त डबा काही वर्षांपूर्वी काढून टाकला. आता फक्त शयनकक्ष, जेवण-दारू-सहली सगळं धरून एकच भाडं, आणि ते विमानाच्या कितीतरी पट. गाडी आठवड्यातून एकदा. आपली स्लीपर किंवा थर्ड एसी डोळ्यांसमोर आणून तिकीट शोधायला बसलात तर आकडा पाहून स्क्रीन बंद कराल. आईवडील भारतातून आलेत, त्यांना एकदा दाखवायचंय, तर जरूर जा. गाडी नलारबर पठारावर ४७८ किलोमीटर एका सरळ रेषेत जाते, जगात एवढा लांब सरळ रुळ दुसरा नाही. आणि एक गोष्ट रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही ती इथे दिसते. नलारबर म्हणजे लॅटिनमध्ये ‘झाड नाही’, पण हायवे पठाराच्या दक्षिण कडेने, बऱ्यापैकी झुडपांतून जातो. खरंखुरं बिनझाडाचं पठार रुळांच्या वाट्याला आलंय.

मग एसटीसारखं टप्प्याटप्प्याने जाता येईल का? जवळजवळ. सिडनी–ब्रोकन हिल सरकारी रेल्वे आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी निघते आणि दिवसभर चालून रात्री पोचते. ब्रोकन हिल राज्य न्यू साउथ वेल्सचं आणि घड्याळ ॲडलेडचं पाळतं, हे पुढची बस पकडायची असेल तर लक्षात ठेवा, अर्धा तास मागे. तिथून ॲडलेड बसने, ॲडलेड–सेड्युना पुन्हा बसने, बाराएक तास. पलीकडच्या टोकाला कालगुर्लीहून पर्थपर्यंत प्रॉस्पेक्टर नावाची रेल्वे आहे, ६५३ किलोमीटर सात तासांच्या आत. मधला सेड्युना ते नॉर्समन हा १,२०० किलोमीटरचा तुकडा मात्र रिकामा आहे. तिथे रोजची सार्वजनिक बस नाही, रेल्वे नाही, टॅक्सीचा तर प्रश्नच नाही. नकाशावरचे ॲप ‘मार्ग सापडला नाही’ म्हणतं, त्यात ॲपची चूक नसते.

म्हणजे हातात उरते स्वतःची गाडी किंवा भाड्याची. भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची तर वेगळं शुल्क लागतं आणि ते कधीकधी भाड्याहून जास्त भरतं. करारात दोन कलमं डोळ्यांत तेल घालून वाचा: शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा लागू आहे का, आणि जनावराला धडकल्यास आहे का. अनेक करारांत दोन्हींना नकार असतो. कॅम्परव्हॅनच्या (आत झोपायची सोय असलेल्या गाड्यांच्या) कंपन्या रिकाम्या गाड्या परत न्यायला दिवसाला एक डॉलर असल्या भाड्याने देतात. ऐकायला स्वर्ग, पण दिवस मोजून दिलेले असतात, किलोमीटरला मर्यादा असते आणि अनामत मोठी अडकते. चार दिवसांत पोचवायची असेल तर दिवसाला हजार किलोमीटर येतात. एकट्याने ते करू नये.

स्वतःची गाडी ट्रकवर चढवून स्वतः विमानाने जाणं हा मधला मार्ग, आणि लहान मुलं असतील तर माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा. गाडी पोचायला एक-दोन आठवडे धरा. टाकीत पाव टाकीच पेट्रोल ठेवा. आत घरसामान ठेवू देतील का ते आधी लेखी विचारा, बरेच जण देत नाहीत. चाकांच्या कमानीतली माती आणि डिकीतला पालापाचोळा धुऊन काढा, कारण माती आणि बिया हाही राज्यबंदीचा माल आहे. देताना गाडीचे चारही बाजूंनी, छताचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा. ओरखडा कुणाचा यावर नंतर वाद घालायला दुसरा पुरावा नसतो.

आता गाडी चालवत न्यायचीच, असं ठरवलंय त्यांच्यासाठी. सगळ्यांत जवळचा रस्ता डबो, निंगन, कोबार, ब्रोकन हिल, पोर्ट ऑगस्टा, सेड्युना, नॉर्समन, कूलगार्डी, पर्थ. टप्पे असे पाडा की रोज साडेपाचशे-सहाशेच्या वर जाऊ नये. पहिला दिवस निंगन, सुमारे ५७० किलोमीटर. दुसरा ब्रोकन हिल, ५८५. तिसरा पोर्ट ऑगस्टा ओलांडून किंबा, ५७०. चौथा सेड्युनावरून नलारबर रोडहाउस (रोडहाउस म्हणजे हायवेवरचा पंप, खानावळ आणि मुक्कामाची सोय एकत्र), ६०० च्या आसपास. पाचवा कायगुना, ५३५. सहावा नॉर्समनवरून कूलगार्डी, ५४०. सातवा पर्थ, ५६०. दोघे चालवणारे असतील तर हेच पाच दिवसांत बसतं, पण मग दिवसाला आठशे होतात आणि शेवटचे दोन तास कातरवेळेत पडतात. तिथेच घोटाळा आहे.

या प्रवासात पेट्रोल कमी पडत नाही, उजेड कमी पडतो. कांगारू दिवसा सावलीत पडून असतात आणि उजाडताना, मावळताना रस्त्याकडेच्या हिरव्या गवताला येतात. पावसाचं पाणी डांबरावरून कडेला ओघळतं, तिथेच गवत कोवळं राहतं, म्हणून ते नेमके रस्त्यालगत. हेडलाइटमध्ये आला की कांगारू पळून जात नाही, बिचकून उलटाही वळतो. इमू त्याहून बेभरवशाचे. कोबार ते विल्कॅनिया या २६० किलोमीटरमध्ये कळपच्या कळप रानबकऱ्या, पठारावर उंट आणि जमिनीलगत चालणारे वॉम्बॅट. पिवळ्या पाटीवर उंट, वॉम्बॅट, कांगारू एकाखाली एक काढलेले आहेत. लोक तिच्याखाली फोटो काढतात आणि संध्याकाळी तिचं म्हणणं विसरतात. नियम साधा: सूर्य उगवून अर्धा तास झाल्यावर निघायचं आणि मावळायच्या तासभर आधी मुक्कामाला टेकायचं. जनावर समोर आलंच तर ब्रेक सरळ रेषेत दाबा, स्टिअरिंग झटकन वळवू नका. ताशी ११० वर वळवलेली उंच गाडी कडेच्या खडीत जाऊन उलटते, आणि तो अपघात कांगारूच्या धडकेपेक्षा वाईट असतो. पश्चिमेला जाताना दुपारी तीननंतर ऊन थेट डोळ्यांत येतं. काच आतूनही पुसलेली ठेवा, बाहेरची सगळे पुसतात.

पेट्रोलचा हिशेब: ३,९५० किलोमीटरला शंभरी ८ लिटर धरले तर ३१६ लिटर. पण छतावर पेटी आणि पश्चिमेचा वारा समोरून असला की तीच गाडी शंभरी १० पितेच. म्हणून ४०० लिटरचा खर्च धरून ठेवा आणि रोडहाउसमधला दर शहरापेक्षा बराच चढा असेल हे गृहीत धरा. अंतरं पाहिली तर ५०० किलोमीटर जाणाऱ्या टाकीला अडचण नाही: नलारबर रोडहाउस ते बॉर्डर व्हिलेज १८७, मॅड्युरा ते कॉकलबिडी ९१, कायगुना ते बॅलाडोनिया १८२, बॅलाडोनिया ते नॉर्समन १९१. अडचण येते ती वेळेची. रात्री उशिरा पंप बंद मिळू शकतो. टाकी अर्धी झाली की जो पहिला पंप दिसेल तिथे भरायची, ‘पुढे स्वस्त असेल’ हा विचार या रस्त्यावर करायचा नाही. विजेची गाडी घेऊन जाणारेही आहेत. कायगुनाच्या रोडहाउसवर २०२२ मध्ये चार्जर बसवला, त्याची वीज चिप्स तळून उरलेल्या तेलावर तयार होते.

पाणी माणशी दहा लिटर, तेही एका कॅनमध्ये नको, दोन-तीन कॅनमध्ये विभागून. रोडहाउसला गोडं पाणी फुकट मिळेल असं धरून चालू नका, तिथेही ते विकत किंवा खटाटोपाने मिळवलेलं असतं. निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसती पंक्चर भरायची बाटली असते, ती फाटलेल्या टायरला उपयोगाची नाही. तशी गाडी असेल तर जुनं का होईना पण पूर्ण चाक सोबत घ्या. फॅनबेल्ट, कूलंट, जॅक आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी, कारण कडेची जमीन भुसभुशीत आहे. मोबाइलला रोडहाउसच्या आसपास रेंज, मध्ये शांतता. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन भाड्यानेही मिळतो. बटण दाबलं की उपग्रहामार्फत तुमची जागा कळते. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

रोड ट्रेन म्हणजे एका इंजिनमागे दोन किंवा तीन ट्रेलर. लांबी ५३.५ मीटरही असू शकते. तिला ओव्हरटेक करण्याचं गणित कागदावर एकदा मांडून पाहा. ती १००ने जातेय, तुम्ही ११०ने. तिच्या मागचं आणि पुढचं सुरक्षित अंतर धरून तुम्हाला जवळजवळ १४० मीटर जास्त कापायचे आहेत, ताशी १० किलोमीटरच्या फरकाने. त्याला पन्नास सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही दीड किलोमीटर उलट्या बाजूने गेलेले असता. समोरून येणारी गाडीही तेवढीच पुढे येते, म्हणून तीन किलोमीटरहून जास्त मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. यूएचएफ रेडिओ (गाडी-गाडीत बोलायचा वॉकीटॉकीसारखा संच) असेल तर चाळिसाव्या चॅनेलवर ड्रायव्हरला विचारता येतं, तो बहुतेक वेळा पुढचं सांगतो. समोरून येणारी रोड ट्रेन जवळून गेली की आधी हवेचा धक्का गाडीला डावीकडे ढकलतो आणि लगेच पोकळी उजवीकडे ओढते. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि वेग थोडा कमी. छतावरच्या पेटीचा पट्टा याच धक्क्यांनी सैल होतो, दर थांब्याला हात लावून ओढून बघा.

तपासनाक्यांचं प्रकरण मात्र मराठी घरांना खास झोंबतं. ब्रोकन हिलकडून साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना ऊडला विरा इथे फळमाशी पसरू नये म्हणून तपासणीचा नाका आहे, आणि खरा मोठा नाका बॉर्डर व्हिलेजला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वेशीवर, चोवीस तास चालू. प्रत्येक गाडी थांबते. अधिकारी काय-काय आहे ते विचारतो, मग डिकी उघडायला लावतो, आइसबॉक्स, टूलबॉक्स, सीटखालचा कप्पा, लहान मुलाच्या कारसीटची खाच. तिथे अर्धं खाल्लेलं सफरचंद सापडणं हा रोजचा प्रकार. बाहेरून आलेल्या आपल्या लोकांच्या डब्यांतून निघतो तो कढीपत्ता, ओल्या कापडात गुंडाळलेली कोथिंबीर, आलं, हिरव्या मिरच्या, कांदे, बटाटे, लसूण आणि गावाकडून आणलेला मध. हे सगळं कचऱ्यात जातं. शिजवलेलं चालतं. त्यामुळे प्रवासाला जुनाच शिधा बरा: दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, चिवडा, मेतकूट-भात. सुटी कडधान्यं असतील तर लपवू नका, पुढे करून दाखवा. सांगून दिलेल्याबद्दल कुणी रागवत नाही, लपवल्याचा दंड होतो. उरलेले कांदे आदल्या रात्री नलारबर रोडहाउसला परतून भाजी करून टाकली की प्रश्न मिटतो. उलट दिशेने येणाऱ्यांची अशीच झडती सेड्युनाला होते.

सिडनी ते पर्थ घड्याळ तीनदा बदलतं. बॉर्डर व्हिलेज ते कायगुना या पट्ट्यात पर्थपेक्षा पाऊण तास पुढची वेळ पाळतात, ती कायद्याने मान्य नाही पण रोडहाउसच्या भिंतीवर आहे. साउथ ऑस्ट्रेलियाची उन्हाळी वेळ सोडून शेवटी पर्थच्या वेळेवर येईपर्यंत अडीच तास मिळतात. आनंद करू नका, सूर्य घड्याळ बघून मावळत नाही. फोन स्वतःहून वेळ बदलतो आणि खानावळ बंद झाल्यावर तुम्ही पोचता. आदल्या दिवशी फोन करून ‘तुमच्या घड्याळाने स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं’ असंच विचारा.

कायगुना सोडल्यावर बॅलाडोनियाच्या दिशेने १४६.६ किलोमीटरचा सरळ तुकडा लागतो, एकही वळण नाही. इथे झोप लागण्याचं कारण थकवा नसतं, डोळ्यांना काम नसतं. पन्नास-साठ किलोमीटरला थांबा, उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. वाटेत डांबरावर रुंद पांढऱ्या पट्ट्या दिसतील, ती विमानांची धावपट्टी आहे. फ्लाइंग डॉक्टर या विमानाने पोचणाऱ्या वैद्यकीय सेवेचं विमान गरज पडली तर हायवेवरच उतरतं, त्या पट्ट्यांवर गाडी लावून चहा प्यायला बसू नये.

एक शक्यता मनात असू द्या, रस्ताच बंद होण्याची. डिसेंबर २०१९–जानेवारी २०२० मध्ये वणव्यामुळे नॉर्समनजवळ हा हायवे दहा दिवसांहून जास्त बंद होता, शेकडो गाड्या रोडहाउसला अडकल्या. जानेवारी २०२२ च्या पुरात रुळ वाहून गेले, मालगाड्या तीन आठवड्यांवर थांबल्या आणि पर्थच्या दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. त्यामुळे नव्या नोकरीवर सोमवारी रुजू व्हायचंय आणि पोचणार रविवारी, असा बेत आखू नका. मधे दोन दिवस मोकळे ठेवा. निघण्याच्या सकाळी वाटेतल्या तिन्ही राज्यांच्या रस्ते खात्यांची पानं पाहा, कारण एका राज्याला दुसऱ्याकडचं बंद असल्याचं उशिरा दिसतं.

पर्थला पोचल्यावर रेडिएटरच्या जाळीत चिकटलेले किडे पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने त्याच आठवड्यात काढा. वाळले की ते दगड होतात आणि फेब्रुवारीच्या उन्हात गाडी तापायला लागते. बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट राहायला आलेल्याने तीन महिन्यांत बदलायची असते, त्यासाठी गाडीची तपासणी होते, आणि काचेला वाटेत बसलेला खडीचा टवका तिथेच पहिल्यांदा मोजला जातो.